शाळेचा संघ आणि त्याचा शिक्षक : रमाकांत आचरेकर यांच्या कार्याचा परिचय

शालेय क्रीडास्पर्धांचे निकाल जाहीर होतात, ढाल शाळेच्या कार्यालयातील कपाटात विराजमान होते आणि विजयी संघाचे छायाचित्र भिंतीवर लागते. त्या छायाचित्राच्या एका कडेला उभ्या असलेल्या शिक्षकाचे नाव मात्र फारसे कोणाच्या स्मरणात राहत नाही. वास्तविक संघातील मुले दोन-तीन वर्षांनी शाळा सोडून जातात. शिक्षक तेथेच राहतो आणि पुढच्या तुकडीपासून पुन्हा आरंभ करतो. फुटबॉल असो, कबड्डी असो वा क्रिकेट असो, शाळेच्या संघाचे सातत्य खेळाडूंवर नव्हे, तर त्याच्या मार्गदर्शकावर अवलंबून असते. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर या विधानाचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे मुंबईतील दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराचा क्रिकेट संघ व त्याचे मार्गदर्शक रमाकांत विठ्ठल आचरेकर हे होत.

त्यांचे नाव बहुधा सचिन तेंडुलकर यांचे गुरू म्हणून घेतले जाते. हा परिचय खरा असला तरी अपुरा आहे. एक असामान्य मुलगा लाभणे हा योगायोग म्हणता येईल. परंतु ज्या पद्धतीतून एका पाठोपाठ एक खेळाडू आणि पुढे प्रशिक्षकही घडत गेले, ती पद्धती योगायोगाने निर्माण झालेली नव्हती. शिक्षक, शाळा आणि ग्रामपंचायती यांच्या दृष्टीने तीच अधिक अभ्यसनीय आहे.

खेळाडू ते मार्गदर्शक

आचरेकर यांचा जन्म १९३२ साली कोकणातील मालवण येथे झाला. १९४३ पासून ते क्रिकेट खेळू लागले आणि १९४५ मध्ये न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून क्लब पातळीवर खेळले. पुढे स्टेट बँकेत नोकरी करीत असताना १९६३-६४ च्या हंगामात मोईनउद्दौला सुवर्णचषक स्पर्धेत हैदराबादविरुद्ध ते बँकेच्या संघातून उतरले. प्रथम दर्जाचा त्यांचा तेवढा एकच सामना. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द याहून पुढे गेली नाही.

ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. उत्तम मार्गदर्शक होण्यासाठी स्वतः नामवंत खेळाडू असावेच लागते, असा समज शाळाशाळांतून आढळतो आणि त्यामुळे अनेक शिक्षक संघाची जबाबदारी घेण्यास कचरतात. आचरेकर यांच्याजवळ मोठ्या खेळाडूची कीर्ती नव्हती. त्यांच्याजवळ खेळाची सूक्ष्म जाण, वेळेची शिस्त आणि मुलांकडे वर्षानुवर्षे लक्ष देण्याची चिकाटी होती. शिवाजी पार्कवर त्यांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब सुरू केला आणि शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाची धुरा वाहिली.

शिवाजी पार्क हे खाजगी क्रीडांगण नव्हे. सुमारे २८ एकरांचे हे मैदान मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचे असून ते सर्वांसाठी खुले असते. एकाच वेळी अनेक क्लबांच्या खेळपट्ट्या, फिरावयास आलेले नागरिक आणि खेळणारी मुले असा तेथील नित्याचा देखावा. अशा सार्वजनिक जागेच्या एका भागात आचरेकर यांनी आपले कार्य उभे केले.

सरावाची पद्धती

त्यांच्या पद्धतीचे पहिले सूत्र म्हणजे सामन्यांना दिलेले प्राधान्य. जाळ्यातील सरावात फलंदाज बाद झाला तरी पुढचा चेंडू त्याला खेळावयास मिळतो; सामन्यात एका चुकीने डाव संपतो. जबाबदारी, संयम आणि परिस्थितीचे भान या गोष्टी सामन्याखेरीज अंगी बाणत नाहीत. म्हणून ते मुलांना शक्य तितके सामने खेळावयास लावीत. तेंडुलकर यांनी नोंदविल्यानुसार, उन्हाळ्याच्या ६० दिवसांच्या एका सुट्टीत त्यांना ५५ सराव सामने खेळावे लागले होते. सकाळी साडेसात वाजता जाळ्यातील सराव, त्यानंतर दुपारी साडेचारपर्यंत सामना आणि थोड्या विश्रांतीनंतर सायंकाळी सात वाजेपर्यंत पुन्हा सराव, असा तो दिनक्रम होता. धूळ बसावी म्हणून खेळपट्टीवर पाणी शिंपडण्याचे कामही मुलेच करीत. एका संघाचा सामना संपला की दुसरीकडे चालू असलेल्या सामन्यासाठी आचरेकर मुलाला आपल्या स्कूटरवरून घेऊन जात.

दुसरे सूत्र स्पर्धेच्या वातावरणाचे. सायंकाळच्या सरावाच्या अखेरीस ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. जो गोलंदाज फलंदाजाला बाद करील त्याला ते नाणे मिळे. फलंदाज शेवटपर्यंत टिकला तर ते त्याचे होई. दमलेल्या मुलाचे चित्त एकाग्र ठेवण्याचा हा उपाय एका रुपयात साधत असे. अशी मिळविलेली १३ नाणी तेंडुलकर यांनी मोठा ठेवा म्हणून जपली आहेत. त्यानंतर पॅड व हातमोजे न काढता मैदानाला दोन फेऱ्या मारावयाच्या, हा दिवसाचा शेवटचा पाठ असे.

तिसरे सूत्र निरीक्षणाचे. १९८४ मध्ये अजित तेंडुलकर यांनी ११ वर्षांच्या आपल्या धाकट्या भावास शिवाजी पार्कवर आणले, तेव्हा मार्गदर्शकांच्या नजरेसमोर तो मुलगा बावरला आणि त्याला नीट खेळता आले नाही. भावाच्या विनंतीवरून आचरेकर दूर गेले व आडून पाहू लागले. मुलगा मोकळेपणाने खेळला आणि त्याला प्रवेश मिळाला. समोर उभे राहून घेतलेल्या एका चाचणीवरून मुलाची पारख करू नये, हा धडा प्रत्येक निवड समितीने लक्षात ठेवण्याजोगा आहे. दुरून सामना पाहून चुका कागदावर टिपून ठेवावयाच्या आणि नंतर त्या दाखवावयाच्या, ही आचरेकर यांची रीत होती.

स्तुतीच्या बाबतीत त्यांचा हात आखडता असे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडे मैदानावर निवृत्त होताना तेंडुलकर यांनी सांगितले की, मुलगा आत्मसंतुष्ट होईल या शंकेने सरांनी आपल्याला चांगला खेळलास असे कधी म्हटले नाही.

१९८८ चा हंगाम

मुंबईत आंतरशालेय क्रिकेटची परंपरा जुनी आहे. सोळा वर्षांखालील मुलांसाठी हॅरिस ढाल आणि त्याहून लहान मुलांसाठी जाइल्स ढाल या स्पर्धांवर शहरातील शाळांची प्रतिष्ठा अवलंबून असे. १९८८ च्या फेब्रुवारीत आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्स हायस्कूलशी पडली. दोन बाद ८४ अशा स्थितीत १६ वर्षांच्या विनोद कांबळीच्या जोडीला १४ वर्षांचा सचिन आला. २५ फेब्रुवारीला डाव घोषित झाला तेव्हा फलकावर दोन बाद ७४८ धावा होत्या. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६ आणि दोघांची अभेद्य भागीदारी ६६४ धावांची. त्यानंतर कांबळीने ३७ धावांत सहा बळी घेतले व झेवियर्सचा डाव १४५ धावांत आटोपला. अंतिम सामन्यात तेंडुलकर यांनी नाबाद ३४६ धावा केल्या. ६६४ धावांचा तो विक्रम २००६ मध्ये हैदराबादच्या सेंट पीटर्स हायस्कूलच्या दोन मुलांनी मोडला.

या सामन्यातील एक बाब आकड्यांइतकीच बोलकी आहे. दोघे मुलगे खेळण्यात इतके रमले होते की, मैदानावर हजर असलेले सहायक मार्गदर्शक लक्ष्मण चव्हाण यांच्या खुणांकडे त्यांनी लक्ष दिले नाही. अखेर दूरध्वनीवरून आचरेकर यांनी डाव घोषित करण्यास सांगितले. साडेतीनशेला एकच धाव उरली असतानाही कांबळीला थांबावे लागले. वैयक्तिक विक्रमापेक्षा सामना जिंकणे महत्त्वाचे, हा निर्णय मार्गदर्शकाने दिला आणि मुलांनी तो पाळला.

त्याच डावात १३ वर्षांचा अमोल मुझुमदार पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला होता. ती पाळी आलीच नाही.

शिष्यांची परंपरा

आचरेकर यांच्या शिष्यांपैकी रामनाथ पारकर १९७२-७३ च्या मालिकेत इंग्लंडविरुद्ध कसोटी खेळले. बलविंदरसिंग संधू यांनी १९८३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात गॉर्डन ग्रीनिज यांचा त्रिफळा उडविला. प्रवीण आमरे यांनी १९९२ मध्ये डर्बन येथे पदार्पणाच्या कसोटीत शतक झळकाविले. कांबळी यांनी १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली. अजित आगरकर २०२३ मध्ये राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले.

तथापि, या परंपरेचा खरा विस्तार दिसतो तो शिष्यांनी स्वीकारलेल्या मार्गदर्शकाच्या भूमिकेत. २००७ चा पहिला टी-२० विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा लालचंद राजपूत संघाचे व्यवस्थापक होते. चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने तीन वेळा, विदर्भाने दोन वेळा आणि २०२१-२२ च्या हंगामात मध्य प्रदेशाने प्रथमच रणजी करंडक पटकाविला. त्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने मुंबईस नमविले आणि मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. म्हणजे दोन्ही बाजूंचे प्रशिक्षक एकाच गुरूचे शिष्य.

मुझुमदार यांनी मुंबईकडून पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या होत्या आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा जमविल्या होत्या. तरीही भारतीय संघात त्यांना स्थान मिळाले नाही. २०२३ मध्ये ते भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत त्या संघाने दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून प्रथमच विश्वचषक जिंकला. शाळेच्या डावात ज्याची पाळी आली नाही, त्याला त्या शाळेच्या मैदानाने काय दिले, याचे उत्तर यात आहे.

आचरेकर यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार व २०१० मध्ये पद्मश्री हा सन्मान लाभला. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. ३ डिसेंबर २०२४ रोजी शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले.

मर्यादांचे भान

या पद्धतीचे अंधानुकरण मात्र योग्य होणार नाही. तेंडुलकर यांना वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रममध्ये यावे लागले व शिवाजी पार्कजवळ काका-काकूंच्या घरी राहावे लागले. ज्यांच्या कुटुंबास हे शक्य नसते, त्यांच्या मुलांचे काय, हा प्रश्न उरतोच. दिवसभर मैदानावर असणाऱ्या मुलाच्या अभ्यासाची काळजी शाळेने वेगळी घ्यावी लागते. सामना चुकविल्याबद्दल सरांचा मार खाल्ल्याची आठवण तेंडुलकर यांनी कृतज्ञतेने सांगितली आहे. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली आहे. आचरेकर यांची शिस्त घ्यावयाची ती वेळेची व श्रमाची.

डोंगरी भागातील शाळांसाठी बोध

मुंबईचा हा अनुभव राजगडाच्या पायथ्याशी असलेल्या, ज्याच्या नावाने गडाचा पाली दरवाजा ओळखला जातो त्या पालीसारख्या गावास काय सांगतो? भोर-वेल्हे परिसरात सपाट जमीन थोडी, तीही बहुतांशी भातखाचरांची. पावसाळ्यात मुसळधार पाऊस. शाळा लहान आणि विद्यार्थी विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवरचे. येथे शिवाजी पार्क होणार नाही. परंतु आचरेकर यांच्या पद्धतीतील किती गोष्टींना पैसा लागतो, हे मोजून पाहिले तर निराळे चित्र दिसते. ठरलेल्या वेळी मैदानावर हजर राहणे, चुका टिपून ठेवणे, लाजऱ्या मुलाला दुसरी संधी देणे आणि राखीव मुलालाही संघाचा घटक मानणे यांस निधीची तरतूद लागत नाही.

सामने वाढविणेही अवघड नाही. भातकाढणीनंतर खाचरे रिकामी होतात. जमीनमालकांच्या संमतीने त्यांतील एखादा सपाट तुकडा उन्हाळ्यापर्यंत खेळासाठी वापरता येतो. फुटबॉलला एक चेंडू पुरतो. कबड्डी व खो-खो यांना तोही लागत नाही. तालुका स्पर्धेच्या एकाच सामन्यात हरून परत येण्याऐवजी शेजारच्या दोन-तीन शाळांनी दर शनिवारी आपसांत सामने ठेवले, तर हंगामात वीस-पंचवीस सामने सहज होतील. मुलींच्या संघांनाही याच वेळापत्रकात बरोबरीचे स्थान असावे. मुलांना घरी पोहोचण्यास उशीर होऊ नये म्हणून वेळ आखताना एस.टी.च्या फेऱ्यांचा विचार करावा लागेल.

शिक्षण हक्क कायद्याने शाळेसाठी क्रीडांगण हा आवश्यक निकष मानला आहे. जेथे शाळेची स्वतःची जागा अपुरी आहे, तेथे गावातील मोकळी जागा खेळासाठी राखणे, ती अतिक्रमणापासून वाचविणे व तिची सपाटी टिकविणे हे काम ग्रामपंचायत करू शकते. शिक्षकाच्या बदलीनंतर मैदान ओस पडू नये यासाठी मुलांच्या नोंदीची वही शाळेत ठेवावी आणि ती नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी. गावातील माजी खेळाडूंनाही सहायक म्हणून बोलावता येईल.

अशा संघातून राष्ट्रीय खेळाडू निघेलच, असे आश्वासन कोणी देऊ शकत नाही. शारदाश्रमच्या मैदानावर राबलेल्या मुलांपैकीही बहुसंख्य मुलांची नावे वृत्तपत्रांत आली नाहीत. परंतु वेळेवर येणारी, हार पचविणारी आणि उद्या आपल्या गावातील मुलांना शिकवू शकणारी माणसे शाळेच्या संघातून घडतात. क्रीडाशिक्षकाच्या कामाचा ताळेबंद मांडताना कपाटातील ढालींबरोबर या माणसांचीही गणना व्हावयास हवी.