रेडी ते बांबोळी, व्हाया एक इंजेक्शन

रेडीचा द्विभुज गणपती, यशवंतगड, शेजारी तेरेखोल... वीकेंडसाठी एकदम झकास! पण सोबत साठीचे बाबा असले की मी दुसराच हिशेब मांडते. इथे हार्ट अटॅक आला तर? सिंधुदुर्गातले कित्येक पेशंट गोव्याच्या बांबोळीला नेतात. रस्ता तासाभराहून जास्तच, आणि तोवर हृदयाचा स्नायू मरत असतो.

अशा वेळी वाटेतच देता येतं ते टेनेक्टेप्लेज. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध. वजन बघून 30 ते 50 मिलिग्रॅम, शिरेतून एका दमात. तासभर ड्रिप लावायची भानगड नाही, म्हणून अॅम्ब्युलन्समध्येही चालतं. अँजिओप्लास्टी दोन तासांत शक्य नसेल, तर ईसीजीवर निदान झाल्यापासून 10 मिनिटांत ते द्यावं, असं युरोपातले हृदयतज्ज्ञ सांगतात. मात्र शंभरात एखाद्याला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे ईसीजी आणि डॉक्टरांशिवाय नाहीच! पुढे अँजिओग्राफीही चुकत नाही.

गोव्याने 2018 मध्ये स्टेमी प्रकल्प सुरू केला. छोट्या केंद्रातला ईसीजी तज्ज्ञ लांबून वाचतात, इंजेक्शन तिथेच मिळतं.

बुकिंग करताना सी-व्ह्यू आहे का, हे विचारताच ना? मग जवळ ईसीजी कुठे निघतो आणि हे इंजेक्शन कुठे असतं, तेही विचारून घ्या.