हक्क समाजाचा, मग त्यात बाई कुठे?



दर्या आमचा, किनारा आमचा, निर्णयही आम्हीच घेणार, असं आपण सगळेच म्हणतो. बरोबरच आहे. पण या 'आम्ही'त बाई धरलेली असते का? कॅनडातल्या आदिवासी बायकांनी हाच प्रश्न विचारला होता.

तिथे न्यू ब्रन्सविक प्रांतात सेंट जॉन नदीकाठी मालिसीट समाज राहतो. सरकारच्या इंडियन कायद्यानुसार आदिवासी बाईने बाहेरच्याशी लग्न केलं की तिचा आदिवासी दर्जा जायचा आणि वस्तीत राहण्याचा हक्कही. पुरुषाने बाहेरची बायको आणली तर मात्र त्याचं काहीच जात नसे, उलट तिलाच दर्जा मिळायचा!

टोबिक वस्तीच्या सँड्रा लव्हलेस यांनी १९७० मध्ये बाहेर लग्न केलं. संसार मोडला, माहेरी परत आल्या, तर हक्क शून्य. अशाच प्रकरणात जेनेट कॉर्बिएर लाव्हेल १९७३ साली सुप्रीम कोर्टात हरल्या होत्या. म्हणून सँड्रा १९७७ मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांकडे गेल्या. १९७९ मध्ये टोबिकच्या बायका पोराबाळांना घेऊन राजधानी ओटावाकडे सुमारे १६० किलोमीटर चालत निघाल्या. १९८१ मध्ये निकाल सँड्रांच्या बाजूने लागला आणि १९८५ मध्ये कायदा बदलला. उरलेल्या भेदभावाचा बराच भाग जायला २०१९ उजाडलं.

विरोध घरातूनही झाला. काही पुढारी म्हणाले, आपला माणूस कोण ते आम्ही ठरवू, सरकारने मध्ये पडू नये. बायकांचं उत्तर साधं होतं: हा नियम सरकारनेच लादलेला आहे, आणि आम्हाला वस्ती मोडायची नाही, वस्तीत राहायचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात दोन्ही गोष्टी आहेत. आपले सभासद ठरवण्याचा हक्क समाजाचा, आणि सगळे हक्क बाई-पुरुषाला सारखे.

आता आपल्याकडे बघूया. मासळी बाजारात नेते बाई, गिऱ्हाईक सांभाळते बाई, जाळ्याच्या कर्जाचा हप्ता जुळवते बाई. सभासद वहीत नाव मात्र बहुतेक घरातल्या पुरुषाचं. लेक लग्न होऊन शेजारच्या वाड्यावर गेली की तिला कोणी विचारतही नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही विषय ठेवत आहोत: मासळीच्या धंद्यातल्या बायकांना, लग्न झालेल्या लेकींनाही, स्वतःच्या नावाने सभासद करून घ्यावं. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही यावं आणि समोर बोलावं. घरातल्या बायकांना सोबत आणा, एवढीच विनंती.