वाळवंटातल्या कोंबडीचा श्वास

मे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याच्या गव्हर्नर केटी हॉब्स यांनी एका छोट्याशा कायद्यावर सही केली. स्वतंत्र घर असलेल्या कुटुंबाला परसात सहा कोंबड्या पाळता याव्यात, शहरांनी त्यावर सरसकट बंदी घालू नये, एवढाच त्याचा आशय. या राज्याची राजधानी फिनिक्स सोनोरन वाळवंटात वसली आहे. कायदा होण्याच्या आदल्या उन्हाळ्यात, २०२३ मध्ये, या शहरात सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं होतं. १९ जुलैला तर पहाटेसुद्धा पारा ३६ अंशांच्या खाली उतरला नाही. अशा शहरातल्या परसात कोंबडी उन्हाळा कसा काढते, याचं उत्तर तिच्या श्वासात आहे आणि ते समजून घेतलं तर आपल्याकडच्या खुराड्यांनाही त्याचा उपयोग आहे.

निरोगी कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं. ते ४६-४७ अंशांपर्यंत चढलं की ती मरते. म्हणजे जगणं आणि मरणं यांत जेमतेम पाच अंशांचं अंतर. तिला घामाच्या ग्रंथी नसतात. हवा शरीरापेक्षा गार असली, तर अंग तापल्यावर तुरा, गळ्याखाली लोंबणाऱ्या लाल पाळ्या आणि पाय यांच्याकडे जास्त रक्त धावतं आणि तिथून उष्णता बाहेर पडते. पंख अंगापासून दूर धरून उभी राहिलेली कोंबडी हेच करत असते, पंखांखालची विरळ पिसांची कातडी ती वाऱ्याला देते. पण बाहेरची हवाच ४३ अंशांवर असेल, तर उष्णतेची वाट उलटी होते. आता हवा कोंबडीला तापवू लागते. अशा वेळी उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, पाण्याची वाफ करणं.

म्हणून ती चोच वासून धापा टाकते. एरवी मिनिटाला पंचवीस-तीस असणारे श्वास दीडशे-दोनशेच्या पुढे जातात. घसा आणि श्वसनमार्गाच्या ओल्या अस्तरावरून हवा भराभर फिरते आणि पाणी उडून जातं. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० जूल उष्णता शरीरातून निघून जाते. घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो.

इथे वाळवंटाचा एक मोठा गुण कामी येतो. हवा कोरडी असली तर तिच्यात वाफ सामावायला भरपूर जागा असते. तापमान ४३ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १० टक्के असेल, तर पाण्याच्या बाष्पीभवनाने ती हवा जास्तीत जास्त वीस अंशांपर्यंत थंड होऊ शकते. तेवढ्याच तापमानाला आर्द्रता ३० टक्के झाली, की ही मर्यादा २८ अंशांवर येते. थर्मामीटर दोन्ही दिवशी सारखाच आकडा दाखवतो. कोंबडीसाठी मात्र हे दोन अगदी वेगळे दिवस असतात. अ‍ॅरिझोनात हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर हा मान्सूनचा काळ. मेक्सिकोकडून दमट वारे येतात, ढग दाटतात, कधी वादळी पाऊस होतो. पारा दोन-तीन अंशांनी उतरतो आणि माणसाला हायसं वाटतं, पण धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या घशातलं पाणी आता सहज उडत नाही. वाळवंटात कोंबडी पाळणाऱ्याने मेच्या कोरड्या उन्हाइतकीच जुलै-ऑगस्टमधल्या ढगाळ दुपारचीही धास्ती घ्यावी. तुषार सोडणारे फवारे लोक हौसेने लावतात. कोरड्या हवेत ते उत्तम काम करतात. मात्र बंदिस्त खुराड्यात, तेही दमट दिवशी ते सुरू ठेवले, तर कोंबडीला उरलेला एकमेव मार्ग आपणच बुजवतो.

धापा टाकण्याची किंमतही मोजावी लागते. छातीचे स्नायू सतत चालले, की त्यांचीही उष्णता तयार होते. श्वासाबरोबर पाणी जातं, आणि पाण्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही प्रमाणाबाहेर जातो. त्यामुळे रक्त अल्कधर्मी होतं, त्यातलं बायकार्बोनेट घटतं आणि मोकळं कॅल्शियमही कमी होतं. अंड्याचं कवच म्हणजे पाच-सहा ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. ते अंड्याभोवती चढायला सुमारे वीस तास लागतात. हे सामान रक्तातून मिळेनासं झालं, की कवच पातळ होतं, कधी नुसती पातळ पिशवी हाती येते. १९८५ साली टेड ओडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उष्ण हवेत ठेवलेल्या लेगहॉर्न कोंबड्यांना कार्बन डायऑक्साइड विरघळवलेलं पाणी, म्हणजे साधा सोडा, प्यायला दिला. कवचाचा दर्जा सुधारला. श्वासावाटे निसटणारा वायू पोटातून परत देण्याची ही कल्पना मला फार सुंदर वाटते. रोज सोडा पाजणं घरगुती पाळणाऱ्याला परवडणार नाही हे खरं, पण त्यातून बिघाड नेमका कुठे होतो ते स्पष्ट कळतं. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा ठेवावाच, पण भर जुलैत तो एकटा पुरत नाही. जुलै-ऑगस्ट या दोन महिन्यांत अंड्यांची अपेक्षाच सोडावी. अंडी बंद झाली म्हणून कोंबडी निकामी झाली असं समजणारा माणूस तिच्या शरीराशी भांडत असतो.

कोंबडीचा मूळ पूर्वज, लाल रानकोंबडा, आग्नेय आशिया आणि भारतातल्या जंगलांच्या कडेला राहतो. बांबूची बेटं, झुडपं, पालापाचोळा आणि सावली ही त्याची दुनिया. वाळवंटी शहरात आलेली त्याची लेकरंही तेच शोधतात. म्हणून फिनिक्समध्ये चांगलं खुराडं म्हणजे चार भिंतींची पेटी नव्हे. तिन्ही-चारही बाजूंना मजबूत जाळी, वर उष्णता अडवणारं छप्पर आणि त्याहीवर मेस्किट किंवा पालोव्हेर्देसारख्या झाडाची छाया. जाळी बारीक आणि भक्कम हवी, कारण कोयोटी, बॉबकॅट आणि हॅरिस हॉक यांचा त्या भागात वावर असतो. फिनिक्सच्या अनेक परसांना सिमेंटच्या ठोकळ्यांची कुंपणभिंत असते. दिवसभर उन्हात तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. खुराडं तिला टेकून बांधलं, तर सूर्य मावळल्यावरही कोंबड्यांना विसावा नाही. २०२३ सारख्या उन्हाळ्यात तर मुळात रात्रच गार होत नव्हती. दिवसा साठलेली उष्णता कोंबडी रात्री बाहेर टाकते. ती संधी गेली, की दुसरा दिवस आधीच चढलेल्या तापमानावर सुरू होतो.

झाडाखाली एक चौरस मीटरभर माती रोज सकाळी भिजवून ठेवली, तर कोंबड्या तिथे उकरून खड्डा करतात आणि पोट टेकून बसतात. ओल्या मातीत पाय आणि पोटाखालची कमी पिसांची कातडी गार होते. महागड्या उपकरणांच्या आधी ही सोय करावी. पाणी सावलीत, आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी. उन्हात ठेवलेलं भांडं दुपारपर्यंत इतकं तापतं की कोंबडी त्याला तोंड लावत नाही, आणि नेमकी तेव्हाच तिला नेहमीच्या दुप्पट पाणी लागत असतं. दाणा पहाटे आणि संध्याकाळी द्यावा. पचनाची स्वतःची उष्णता असते, ती भर दुपारच्या उन्हात आणखी वाढवू नये. जमिनीवर आडवी पडलेली, मान टाकलेली कोंबडी दिसली, तर तिला थंडगार नव्हे, साध्या पाण्यात मानेपर्यंत बुडवून अंग ओलं करावं, मग वाऱ्यात ठेवावं.

जातीची निवड याहून आधीची. पायांवरही दाट पिसं असलेल्या ब्रह्मा किंवा कोचीनसारख्या गुबगुबीत कोंबड्या दिसायला देखण्या, पण या हवेत त्यांना आणणं मला क्रूर वाटतं. मोठा तुरा, हलकं अंग आणि आखूड पिसं असलेल्या जाती अधिक टिकतात. इजिप्तमधली फायुमी ही तशीच एक. उघड्या मानेची कोंबडी तर याचं उत्तम उदाहरण. तिची ओळख ट्रान्सिल्व्हेनियाशी जोडलेली, म्हणजे बऱ्यापैकी थंड प्रदेशाशी. पण उपयोग उष्ण देशांत. तिची जनुकीय खूण एका पालकाकडून आली तर पिसं सुमारे वीस टक्के कमी होतात, दोघांकडून आली तर चाळीस टक्क्यांच्या आसपास. एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की या खुणेमुळे गर्भाच्या कातडीत एक विशिष्ट प्रथिन जास्त बनतं आणि मानेवर पिसांची बीजंच धरत नाहीत. आपल्याकडे इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच गुणाचा वापर करून ‘हितकारी’ ही संकरित जात तयार केली. काही जण आणखी पुढे गेले. इस्राएलमधले अव्हिग्दोर कहानेर यांनी २००२ मध्ये अजिबात पिसं नसलेली कोंबडी जगासमोर आणली. तिथे मात्र माझं मन अडतं. पिसं उष्णता कोंडतात तशी ऊन आणि ओरखडे यांपासून कातडी जपतातही. परसातल्या कोंबडीला ती काढून घ्यायला नकोत, कमी करून पुरतात.

महाराष्ट्रात वाळवंट नाही. पण मेमधल्या अकोला, चंद्रपूर किंवा नागपूरच्या दुपारी बहुतेक वेळा कोरड्याच असतात, म्हणून तिथल्या घराघरांतले कूलर चालतात. परसातल्या गावरान कोंबडीलाही ओलं बारदान, शेडनेट आणि वाहता वारा पुरेसा दिलासा देतात. कोकणात मात्र ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या दिवशी बाष्पीभवनाने हवा चारच अंशांनी थंड होऊ शकते. तिथे ओल्या बारदानावर विसंबून राहू नये. मोकळी जाळी, उंच छप्पर आणि पंखा हवा. सर्वांत जपायचे दिवस विदर्भात मान्सूनच्या तोंडावर येतात. आदल्या संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून गेलेला, सकाळी जमिनीतून वाफ निघते, पारा अजूनही चाळिशीच्या जवळ, आणि घरचे म्हणतात की आज जरा बरं आहे. त्या दिवशी खुराड्याजवळच्या कूलरचं पाणी बंद करून नुसता पंखा सुरू ठेवावा, आणि दुपारी दोन ते पाच या वेळात प्रत्येक कोंबडीच्या चोचीकडे लक्ष ठेवावं.