फाइलींच्या यादीत नावांऐवजी चौकोन : लक्षणे, निदान व उपाय

रुग्णपत्रके मराठीतून संगणकावर ठेवणाऱ्या व्यवसायबंधूंच्या परिचयाच्या एका तक्रारीचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. नोटपॅडसारखा एखादा टेक्स्ट एडिटर सुरू करावा, ‘ओपन’वर टिचकी द्यावी, आणि समोर येणाऱ्या यादीत रुग्णांच्या नावांऐवजी कोरे चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा अगम्य रोमन अक्षरे दिसावीत, अशी ही तक्रार आहे. फाइल उघडल्यावर आतील मजकूर मात्र पुष्कळदा शाबूत असतो.

दोष केवळ दिसण्याचा आहे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे बरे नव्हे. ‘सुनीता’ आणि ‘सुजाता’ ही दोन नावे घ्यावीत. संगणकाच्या हिशेबी दोन्ही नावांत तीन व्यंजने आणि तीन स्वरचिन्हे, म्हणजे सहा-सहा चिन्हे आहेत. चौकोनांच्या रूपात ती हुबेहूब सारखी दिसू शकतात. गर्दीच्या वेळी मदतनीसाने एकीचे पत्रक उघडून त्यात दुसरीचे औषध नोंदविले, तर पुढील खेपेस विरेचन कोणास दिले व स्तंभन कोणास, याचा मेळ लागणार नाही.

फाइलचे नाव डिस्कवर अक्षरांच्या आकृतींनी लिहिलेले नसते. ते संकेतांकांच्या मालिकेने लिहिलेले असते. त्या अंकांवरून आकृती काढण्याचे काम फॉन्ट करतो. म्हणून पहिला प्रश्न असा की, बिघाड अंकांत आहे की आकृतीत? त्याचे उत्तर मिळेपर्यंत एकाही फाइलचे नाव बदलू नये. येथे उपशयाने परीक्षा करता येते. विंडोज एक्सप्लोररमध्ये फाइल निवडून एफ-टू कळ दाबावी, नाव कॉपी करावे, एस्केप दाबून बाहेर पडावे आणि ते नाव देवनागरी नीट दाखविणाऱ्या एखाद्या प्रोग्राममध्ये पेस्ट करावे. तेथे ते स्वच्छ वाचता आले, तर अंक निरोगी आहेत.

चौकोन हे साध्य लक्षण होय. वापरात असलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी आकृती नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ‘मंगल’सारखा युनिकोड फॉन्ट संगणकावर आहे का ते पाहावे, आणि एडिटरला आपल्या खिडक्यांचा फॉन्ट बदलण्याची सोय असल्यास तो बदलावा. विंडोज एक्स्पीवर जटिल लिप्यांचा आधार वेगळा बसवावा लागत असे. तो नसल्यास ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागाहून दिसे व जोडाक्षरे सुटी पडत.

प्रश्नचिन्हांचे मूळ अधिक खोल आहे. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह वापरताच येत नाही. तेव्हा यादीत प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर ते फाइलचे खरे नाव नव्हे, हे परीक्षेवाचूनही सांगता येते. जुन्या पद्धतीचा एडिटर नावे युनिकोडमध्ये न मागता एका लहान संकेतसंचात मागतो. त्या संचात जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह येते. अशी फाइल त्या एडिटरमधून बहुधा उघडतही नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये युनिकोड नसलेल्या प्रोग्रामांसाठी मराठी भाषा निवडावी, असा सल्ला काही जण देतात. तो निरुपयोगी आहे, कारण विंडोजने देवनागरीसाठी तसा जुना संच कधी ठेवलाच नाही. २०१८ पासून विंडोज १० मध्ये याच ठिकाणी यूटीएफ-८ वापरण्याचा प्रायोगिक पर्याय मिळतो. त्याने काही प्रोग्राम सुधारतात, तर काही बिघडतात. आमच्या मते एडिटर बदलणे हाच सरळ उपाय.

तिसरा प्रकार ओळखण्यास सोपा आहे. नाव अपेक्षेपेक्षा तिप्पट लांब होते आणि दर तिसऱ्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन लिपीतील पहिले लहान अक्षर दिसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते व त्यांतील पहिला बाइट नेहमी तोच असतो; ते तीन बाइट सुटे वाचले गेल्याची ही खूण. झिप फाइल जुन्या प्रोग्रामने उलगडल्यास असे घडते, आणि येथे मात्र डिस्कवरील नाव खरोखरच बदललेले असते. मूळ झिप जपून ठेवावी व नव्या प्रोग्रामने पुन्हा उलगडावी.

युनिकोडपूर्व फॉन्टांनी जोपासलेला दोष जुनाट म्हणावा असा आहे. त्यांत साठविली जातात रोमन अक्षरे व खुणाच. फॉन्ट त्यांना मराठी वेष चढवितो. मजकुराला तो फॉन्ट लावता येतो, पण यादीतील नावांना संगणकाचा स्वतःचा फॉन्ट लागतो, आणि वेष गळून पडतो. कृतिदेव फॉन्टमध्ये तर ‘घ’ हे अक्षर प्रश्नचिन्हाच्या कळीवर व ‘झ’ हे मोठेपणाच्या चिन्हावर बसविलेले आहे. ही दोन्ही चिन्हे फाइलच्या नावात निषिद्ध! म्हणजे त्या पद्धतीने ‘शतावरी घृत’ नावाची फाइल निर्माणच होऊ शकत नाही. येथे फॉन्ट शोधत बसण्यापेक्षा नावे युनिकोडमध्ये नव्याने लिहावीत, आणि मजकूरही सवडीने परिवर्तकातून काढून घ्यावा.

खरी हानी होते ती घाईच्या उपचाराने. ‘ओपन’ व ‘सेव्ह’च्या खिडकीत असणारा एन्कोडिंगचा पर्याय आतील मजकुरासाठी असतो, नावांशी त्याचा संबंध नाही. नावे सुधारतील या आशेने तेथे ‘एएनएसआय’ निवडून फाइल साठविली आणि संगणकाने दिलेल्या इशाऱ्यास होकार दिला, तर मजकुरातील प्रत्येक देवनागरी चिन्हाचे प्रश्नचिन्ह होते. मूळ अंकच पुसले गेल्याने हा विकार असाध्य. मे २०१९ पूर्वीच्या नोटपॅडमध्ये नव्या फाइलसाठी ‘एएनएसआय’ हीच आपोआप होणारी निवड होती. विंडोज १० च्या त्या महिन्यातील आवृत्तीपासून ती यूटीएफ-८ झाली. जुन्या संगणकावर ही निवड दर वेळी स्वतः तपासावी.

फाइलच्या नावात नोंदणी क्रमांक व दिनांक रोमन अंकांत लिहून रुग्णाचे नाव पत्रकाच्या पहिल्या ओळीत ठेवावे, अशी आमची सूचना आहे. हे अंक वरीलपैकी प्रत्येक संचात एकाच जागी असल्याने कोणत्याही एडिटरच्या यादीत ते जसेच्या तसे दिसतात. शिवाय टेबलापलीकडे बसलेल्यास पडद्यावर दुसऱ्या रुग्णांची नावे वाचता येत नाहीत.