विश्लेषण : चर्चमध्ये हातावर मिळतो तो ‘प्रसाद’ नव्हे, मग ते काय असते?

यावलहून तापी ओलांडली की भुसावळ. रेल्वेतल्या मित्राच्या मुलीचे लग्न आहे आणि पत्रिकेवर ठिकाण कॅथलिक चर्च असे छापले आहे. समजा, तुम्ही गावाकडच्या चार जणांना घेऊन गेलात आणि मागच्या बाकावर बसलात. गाणी झाली, वाचन झाले, लग्नही लागले, तरी विधी संपत नाही. मग लोक ओळीने पुढे जाऊ लागतात आणि फादर प्रत्येकाच्या तळहातावर काहीतरी पांढरे ठेवतात. तुमच्यासोबतची मावशी उठते, रांगेत लागते, दोन्ही हात पुढे करते. मिळालेली चकती कपाळाला लावते आणि घरच्या नातवंडांसाठी पदराच्या टोकाला बांधू लागते. तेवढ्यात कोणीतरी लगबगीने येऊन हळूच सांगते, ‘मावशी, ते तेवढे परत द्या.’

मावशीचा चेहरा उतरतो. देवाच्या दारात प्रसादाला नाही म्हणू नये आणि दिलेला प्रसाद कोणी परत मागत नाही, हे ती लहानपणापासून पाहत आली आहे. आपली जात पाहून तर हात आखडला नाही ना, अशी शंकाही मनात येऊन जाते. खरे कारण वेगळे आहे. ते कळले की कॅथलिक श्रद्धेचा गाभाच हाती लागतो, म्हणून या चकतीपासूनच सुरुवात करू.

चकतीत असते काय?

गव्हाचे पीठ आणि पाणी. खमीर नाही, साखर नाही. चर्चच्या कायद्यानुसार गहूच लागतो. आपली ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी तिथे चालत नाही. सोबत द्राक्षाची वाइन असते, तिच्यात पाण्याचे थेंब मिसळतात. ज्या रात्री पकडला गेला, त्याच रात्री येशू शिष्यांसोबत जेवायला बसला. त्याने भाकर मोडून ती आपले शरीर असल्याचे सांगितले, प्याला देऊन ते आपले रक्त असल्याचे सांगितले आणि आपल्या आठवणीसाठी हे करत राहायला सांगितले, असे शुभवर्तमानांत आहे. कॅथलिकांची मिस्सा म्हणजे त्या रात्रीचे आणि दुसऱ्या दिवशीच्या क्रूसावरील बलिदानाचे पुन्हा समोर येणे.

हा प्रसंग जवळजवळ सगळेच ख्रिस्ती मानतात. अनेक प्रोटेस्टंट पंथांत भाकर आणि द्राक्षरस ही मुख्यतः आठवण असते. कॅथलिक मात्र मानतात की फादर वेदीवर येशूचे ते शब्द उच्चारतात तेव्हा भाकर भाकर राहत नाही. रंग, चव, वजन गव्हाचेच; पण वस्तू खरोखर ख्रिस्त झालेली असते. १२१५ च्या लॅटरन परिषदेने या बदलाला शब्द दिला आणि प्रोटेस्टंट चळवळीने आव्हान दिल्यावर ट्रेंटच्या परिषदेने (१५४५ ते १५६३) तो पुन्हा ठामपणे मांडला. बाहेरच्या माणसाला हे पटणे अवघड आहे. पटावेच असेही नाही. पण समोरचा माणूस हे अक्षरशः मानतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे नियम आपोआप उलगडतात.

आपला प्रसाद म्हणजे देवाला दाखवलेला आणि त्याच्याकडून परत आलेला नैवेद्य. देव गाभाऱ्यात, प्रसाद हातात. जितका जास्त वाटावा तितके चांगले. उरला तर शेजारच्या घरी. इथे हातात येतो तो देवाचा प्रसाद नव्हे, कॅथलिकांच्या दृष्टीने तो देवच. म्हणून मिस्सा संपल्यावर उरलेल्या चकत्या वाटून टाकत नाहीत. एका लहान पेटीत कुलूपबंद ठेवतात. त्या पेटीजवळ एक दिवा, बहुधा लाल काचेतला, रात्रंदिवस तेवत असतो. आपल्या नंदादीपासारखाच. कॅथलिक माणूस चर्चमध्ये शिरताना उजवा गुडघा टेकतो तो भिंतीवरच्या मूर्तीसाठी नव्हे, त्या पेटीसाठी. पेटीतल्या चकत्या आजारी माणसाच्या घरी नेतात.

गोंधळात भर घालणारी एक गोष्ट आहे. हिंदी बोलणारे कॅथलिक या चकतीला ‘परमप्रसाद’ म्हणतात. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात हा शब्द कानावर आला, तर मावशीने हात पुढे करण्यात तिची काय चूक?

मग घ्यायची कोणी?

बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकाने, आणि तेही तयारीनिशी. मूल साधारण सात-आठ वर्षांचे झाले, शिकवणी पूर्ण झाली की त्याचा ‘प्रथम कम्युनियन’चा समारंभ होतो; त्याआधी त्याला चकती मिळत नाही. मोठ्यांनाही अटी आहेत. घेण्याआधी किमान एक तास काही खायचे नाही. पाणी आणि औषध चालते. मनावर एखाद्या गंभीर पापाचे ओझे असेल तर आधी फादरकडे जाऊन पापनिवेदन करायचे. म्हणूनच नीट पाहिले तर चर्चमध्ये काही कॅथलिकही बाकावरच बसून राहिलेले दिसतील. प्रोटेस्टंट पाहुणेही सहसा रांगेत जात नाहीत. ही अट जातीची नाही.

जातीचा विषय निघालाच आहे तर तोही झाकून ठेवू नये. भारतातल्या चर्चमध्ये जातिभेद शिरला, काही ठिकाणी दफनभूमीपर्यंत शिरला. कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना हे मान्य केले. मावशीची शंका अगदीच हवेतली नव्हती. या रांगेपुरती ती चुकीची होती, इतकेच.

बाकीचे संस्कार कोणते?

आपल्याकडे सोळा संस्कार, कॅथलिकांकडे सात. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तशरीर हे तीन माणसाला चर्चमध्ये पूर्ण सामावून घेतात. पापनिवेदन आणि आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कार हे दोन सावरणारे. विवाह आणि धर्मगुरूंची दीक्षा हे दोन आयुष्याची दिशा ठरवणारे. बाप्तिस्मा, दृढीकरण आणि दीक्षा आयुष्यात एकदाच होतात, ती पुसता येत नाहीत.

बाप्तिस्म्याबद्दल एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. एरवी तो फादर किंवा डीकन देतात, पण जीव धोक्यात असेल तर कोणीही देऊ शकतो. नुकत्याच जन्मलेल्या अत्यवस्थ बाळाच्या आई-बापांच्या विनंतीवरून हिंदू किंवा मुस्लिम नर्सने डोक्यावर पाणी ओतून ठरलेले शब्द उच्चारले आणि चर्चला अभिप्रेत आहे तेच करायचा तिचा हेतू असला, तर चर्च तो बाप्तिस्मा वैध मानते. चकतीच्या बाबतीत इतके काटेकोर असलेले चर्च या बाबतीत इतके मोकळे आहे!

पापनिवेदनात ऐकलेले फादरनी कोणालाही सांगायचे नाही; पोलिसांना नाही, बिशपांनाही नाही. थेट फोडले तर फादर चर्चमधून आपोआप बहिष्कृत होतात. आजाऱ्यांचा संस्कार फक्त शेवटच्या श्वासाला करायचा हा समज जुना झाला. गंभीर आजारात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो घेतात. दीक्षा फक्त पुरुषांना मिळते आणि मराठी मुलुखातल्या बहुसंख्य चर्चमधले फादर अविवाहित असतात. स्त्रियांना दीक्षा का नाही, हा वाद चर्चमध्येच अनेक वर्षे चालू आहे आणि तो लवकर मिटेल असे वाटत नाही.

लग्नात मात्र एक गंमत आहे. संस्कार फादर देत नाहीत; नवरा-नवरी एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीने साक्षीला असतात. दोघांचा बाप्तिस्मा झालेला असेल तरच ते लग्न ‘संस्कार’ ठरते. कॅथलिक मुलगी आणि हिंदू मुलगा असेल तर बिशपांची परवानगी काढून चर्चमध्ये लग्न होऊ शकते. त्यासाठी मुलाने धर्म बदललाच पाहिजे अशी अट नाही, पण मुलांना कॅथलिक वळण देण्यासाठी शक्य ते करीन असे मुलीला वचन द्यावे लागते आणि मुलाला ते माहीत असावे लागते. अशा लग्नात बहुधा मिस्सा ठेवत नाहीत. कारण उघड आहे : जोडप्यातल्या एकानेच चकती घ्यायची आणि दुसऱ्याने बघत राहायचे, हे कोणालाच बरे वाटत नाही.

मराठी वाचकाला हे अनोळखी का वाटते?

कारण आपल्या वाचनातले ख्रिस्ती बहुतेक प्रोटेस्टंट आहेत. पंडिता रमाबाई, रेव्हरंड ना. वा. टिळक, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. धरणगावचे बालकवी ठोंबरे टिळकांच्या घरी राहिले. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली त्यांचा मृत्यू झाला. खानदेशात मिशनचे काम केले तेही मुख्यतः प्रोटेस्टंट मंडळींनी. त्यामुळे ‘ख्रिश्चन’ म्हटले की बायबल, प्रवचन आणि भजन एवढेच चित्र डोळ्यासमोर येते.

मराठीतली कॅथलिक परंपरा खरे तर त्याहून जुनी आहे. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले, ते १६१६ मध्ये छापून निघाले. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. उस्मानाबादला २०२० मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जळगाव जिल्हा १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. त्याचे पहिले बिशप थॉमस भालेराव. आडनावच सांगते की चर्च म्हणजे परदेशी पाहुणा नव्हे.

मिस्सा मराठीत ऐकू येऊ लागली ती मात्र अलीकडे. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत ती लॅटिनमध्ये होत असे. १९६९ मध्ये रोमने भारतासाठी आणखी मोकळीक दिली : हात जोडून नमस्कार, समई, आरती, मांडी घालून बसणे. त्यामुळे शांतीच्या वेळी शेजारचा माणूस तुमच्याकडे वळून नमस्कार करतो. तो तुम्हीही करावा, त्यात अडचण कसलीच नाही.

मिस्सेचा पहिला अर्धा भाग बायबल वाचनाचा आणि प्रवचनाचा, दुसरा वेदीचा. रविवारी मध्ये सगळे उभे राहून श्रद्धेची घोषणा म्हणतात. देव एक आणि त्यात तीन व्यक्ती. येशू देवाचा पुत्र, तो माणूस झाला, क्रूसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला. मेलेलेही एक दिवस उठतील. कॅथलिकांचा सगळा विश्वास यात आला. मजकुराचा पाया ३२५ सालच्या निकिया परिषदेत घातला गेला. वर्षात एक दिवस, गुड फ्रायडेला, मिस्सा होतच नाही. आदल्या दिवशी ठेवलेल्या चकत्या वाटतात. तो शोकाचा दिवस आहे. मोबाइलवर ‘हॅपी गुड फ्रायडे’ पाठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

मग नवस, मेणबत्त्या, यात्रा यांचे काय?

तिथे सर्वांना मोकळीक आहे. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते, श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची, मुंबईत वांद्र्याला मोतमाउलीची. तिन्ही ठिकाणी हिंदू भाविक मोठ्या संख्येने जातात, मेणबत्ती लावतात, नवस बोलतात. मनुदेवीला जाणाऱ्या माणसाला ती गर्दी ओळखीचीच वाटेल. कॅथलिक शिकवणुकीत मारिया आणि संतांचा आदर करतात, त्यांच्याकडे आपल्यासाठी प्रार्थना करायची विनंती करतात. पूजा फक्त देवाची. भाविक हा फरक दरवेळी पाळतातच असे नाही.

आणि तो आपल्या सत्यनारायणाला का कचरतो?

मावशीच्या प्रसंगाची ही दुसरी बाजू. कॅथलिक शेजारी पूजेला येतो, बसतो, जेवतोही, पण शिऱ्याचा प्रसाद घेताना थबकतो. काही जण घेतात, काही टाळतात. टाळणाऱ्याचा राग येतो. पण वेदीवरचे खाणे म्हणजे त्या वेदीशी स्वतःला जोडणे, हे त्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेले असते. संत पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचा हाच प्रश्न बराच वेळ घोळवला आहे. तिथेही उत्तर एका ओळीत मिळत नाही. शेजाऱ्याचे थबकणे हा तुमच्या शिऱ्याचा अपमान नाही, हे मात्र नक्की.

चर्चमध्ये गेलात तर…

सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकायची सक्ती नाही, बसून राहिलात तरी चालते. लोक रांगेने पुढे निघाले की बाकावरच थांबा, आतल्यांना जायला वाट द्या. बऱ्याच ठिकाणी छातीवर दोन्ही हात फुलीसारखे ठेवून रांगेत गेले तर चकतीऐवजी फादर आशीर्वाद देतात. हा रिवाज तिथे आहे का, हे यजमानांना आधी विचारून घ्या. आणि चकती नकळत हातात आलीच, तर खिशात, पदरात किंवा कोपऱ्यात ठेवू नका. तशीच फादरच्या हाती परत द्या. ते रागावणार नाहीत.