आजीबाईंना लिहिलेली पत्रे

पंचहौद मिशनचे नाव काढले की पुणेकरांना चहा आठवतो. १८९० साली तिथे न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळी चहा प्याली आणि त्यावरून गावात केवढे वादळ उठले, ते आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. त्या चहाच्या सातआठ वर्षे आधी याच मिशनच्या इंग्लिश भगिनींशी एका तरुण विधवेची ओळख झाली. ती गोष्ट मात्र फारशी कुणाच्या लक्षात नसते. त्या ओळखीतून पुढे जो पत्रव्यवहार झाला, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

ही तरुणी म्हणजे पंडिता रमाबाई. १८८२ साली त्या पुण्यात आल्या तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. आईवडील दुष्काळाच्या काळात गेलेले, भाऊ गेलेला, पती बिपिन बिहारी मेधावी नुकतेच वारलेले आणि कडेवर लहानगी मनोरमा. पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे या भगिनींच्या मठात उतरल्या. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पुण्यात अर्थातच खळबळ माजली. बाई धर्म सोडून गेल्या, विषय संपला, असे इथल्यांना वाटले. बाई आता आपल्या झाल्या, असे तिथल्यांना वाटले. दोघांचाही अंदाज चुकला.

मठातील सिस्टर जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. त्यांना त्या पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. आता या आजीबाईंना काय काय ऐकावे लागले, पाहा. देव एक आहे असे बायबल सांगते, मग त्रैक्याचा सिद्धांत त्यात कुठे आहे, असे रमाबाई विचारतात. येशूच्या जन्माचा चमत्कार त्यांच्या बुद्धीला पटत नाही. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, इंग्लंडच्या चर्चची सगळी कलमे मान्य करून आलेलो नाही, असे त्या स्वच्छ सांगतात. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, लगेच दुसरे कशाला घेऊ, हा त्यांचा सवाल होता. जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. धर्मात आलेल्या नव्या माणसाने आधी नम्रपणे ऐकावे, शंका मागाहून मिटतात, ही त्यांची धारणा.

जेवणाचाही वाद झाला. रमाबाई कट्टर शाकाहारी, अंडे घातलेले गोड पक्वान्नसुद्धा खात नसत. भगिनींना ही जातीची शिल्लक वाटली. रमाबाईंचे उत्तर होते की इंग्लिश बाई हिंदुस्थानात येऊन आपल्या चालीने राहिली, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हणते का? क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही असेच झाले. माझ्या देशभगिनींना लॅटिन कळत नाही, मग आमच्या संस्कृतात काय कमी आहे, असे त्यांनी विचारले. प्रश्न साधाच आहे, पण तो विचारायला धीर लागतो. निवारा ज्यांनी दिला, मुलीला ज्या सांभाळत होत्या, त्यांनाच तो विचारायचा होता.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी वेगळी वाट धरली. रमाबाई तिथे शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. बीलबाईंनी त्यांच्या शंकांना लांबलचक पत्रांतून उत्तरे दिली, वाद घातला, पण शंका घेणे हाच अपराध असे मानले नाही. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोर इथल्या बिशपांनी विरोध केला. ज्या बाईने हिंदुस्थानात पुरुषांच्या भरसभेत संस्कृतातून व्याख्याने दिली होती, तिच्या मर्यादेची ही काळजी!

आणखी एक मुद्दा मनोरमेचा होता. ज्या मतांवर आपलाच विश्वास बसलेला नाही, ती या चिमुरडीच्या मनात भरवू नका, असे आईचे म्हणणे. मला हा साऱ्या पत्रव्यवहाराचा गाभा वाटतो, कारण हाच प्रश्न पुढे उलटून पुण्यात रमाबाईंच्या दारी आला.

१८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन १८९० च्या अखेरीस पुण्यात आले. तिथे धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे आश्वासन होते. मात्र रमाबाई प्रार्थना करीत ती खोलीचे दार उघडे ठेवून, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. मी कुणाला बोलावत नाही, हाकलणारही नाही, ही त्यांची भूमिका. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंवर अन्याय झाला असे आपण सहज म्हणतो. पण पालकांची धास्ती आणि वाँटेजला मनोरमेसाठी आईला वाटलेली धास्ती यांत फारसे अंतर नव्हते. लहान मुलीने काय मानावे हे कुणी ठरवायचे? आश्रय देणाऱ्याने, की घरच्यांनी? सदनातल्या बालविधवांना मात्र याच घरच्यांनी टाकल्यासारखे केले होते. म्हणून न्याय कुणाच्या पदरात घालावा, हे मला अजूनही ठरवता येत नाही.

याच पुण्याच्या दिवसांत रमाबाईंच्या मनातली घालमेल शमली. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी आपल्याला खरा ख्रिस्त भेटला, तोवर मिळाला होता तो केवळ धर्म, असे त्यांनी १९०७ साली लिहिले. पण त्या कुठल्या एका पंथाच्या झाल्या नाहीत. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी पंथांपासून वेगळेच ठेवले. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल साध्या बोलीच्या मराठीत आणले. आधीच्या भाषांतरातले संस्कृत शब्द हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ सोबत आणतात, ही त्यांची तक्रार होती. लॅटिन क्रुसापुढे संस्कृतची बाजू मांडणाऱ्या बाई शेवटी संस्कृतही बाजूला ठेवून शेतकरणीला कळेल अशा मराठीवर आल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण बायबल दोन वर्षांनी बाहेर पडले.

आणि ती पत्रे? ती जपून ठेवली सिस्टर जेराल्डीन यांनीच. जी पत्रे वाचून त्यांना इतका मनस्ताप झाला, ती त्यांनी फाडली नाहीत. नीट लावून, स्वतःच्या टिपा जोडून ठेवली. १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती पुस्तकरूपाने छापली. आजीबाईंची नाराजीही त्यात जशीच्या तशी आहे.