बिनकण्याचे शेजारी

भित्र्या माणसाला आपण ‘त्याला कणाच नाही’ म्हणतो. मीही कवितेत म्हटले आहे. एका पावसाळ्यात हिवरे बाजारच्या बांधावर उकिडवा बसलो, तेव्हा तो शब्द मागे घ्यावासा वाटला.

गांडुळाला हाड नाही. अंगभर वलये, आत द्रव. स्नायू आवळून, त्या द्रवाच्या दाबावर ते मातीत घुसते. गोगलगायही मऊच, पण तिला वलये नाहीत. पोटाचाच पाय आणि पाठीवर तिच्याबरोबर वाढणारा चुन्याचा शंख. मुंगी, विंचू, खेकडा यांचे अंग पेरापेरांचे, पाय सांध्यांचे, सांगाडा बाहेर. तो वाढत नाही, म्हणून वाढीच्या वयात कात टाकावी लागते. पाय मोजा : मुंगीला ६, विंचवाला ८, खेकड्याला नांग्या धरून १०.

गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेते. माती सुकली की गुदमरते. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने चर खणले, पाणी अडवले ते माणसांसाठी आणि पिकांसाठी. पण जिथे ओल टिकते तिथे गांडूळही टिकते, आणि त्याच्या बिळांतून पुढचा पाऊस आणखी खोल मुरतो. कणा नसलेलाही गाव उभा करायला हातभार लावतो, तो असा.